सही पाहिलेला माणूस

"तुम्ही सही केलीत तेव्हा दुसरे साक्षीदार कुठे होते?"

पिंजऱ्यात उभे असलेले गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. निवृत्त मुख्याध्यापक. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक हिरव्या शाईचं, आणि हातात चार घड्या घातलेलं समन्स. चौदा वर्षांपूर्वी शेजाऱ्याने हाक मारली म्हणून ते त्याच्या ओटीवर गेले होते, चहा घेतला, एका कागदावर सही केली आणि घरी आले. कागद समोर धरल्यावर स्वतःची सही त्यांनी लगेच ओळखली. शेजाऱ्याने आपल्यासमोर सही केली, तो पूर्ण शुद्धीवर होता, हेही छातीठोकपणे सांगितलं. या प्रश्नावर मात्र ते अडले. छताकडे पाहिलं, चष्मा पुसला. "असतील तिथेच कुठेतरी. मला नक्की आठवत नाही."

समोरच्या वकिलांनी आणखी एक प्रश्नही विचारला नाही. ते खाली बसले. मी अर्जदाराच्या बाजूने उभा होतो. आपलं अर्धं प्रकरण आत्ता या वाक्यात वाहून गेलं, हे मला कळलं, पण माझ्या पक्षकाराला कळलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात तो मला म्हणाला, "साहेब, मृत्युपत्र तर रजिस्टर केलेलं आहे. मग हे सगळं कशाला?"

तीस वर्षं जिल्हा न्यायालयात काढल्यावर माझं मत असं झालं आहे, की लोक मृत्युपत्राच्या कागदाची जेवढी काळजी घेतात तिच्या एक दशांशही साक्षीदारांची घेत नाहीत. मसुदा तीन वेळा वाचतात, बाँड पेपर आणतात (ज्याची गरज नसते, कारण मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही), लॅमिनेशन करतात (हे तर कृपा करून करू नका, सही तपासायला अडचण होते). आणि साक्षीदार म्हणून? जो दारात सापडेल तो. कोर्टात मात्र कागद मुका असतो. त्याच्यासाठी बोलावं लागतं ते साक्षीदाराला.

असं का, ते समजायला फार कायदा लागत नाही. खरेदीखतावर वाद झाला तर ज्याने ते लिहून दिलं त्याला कोर्टात बोलावून विचारता येतं. मृत्युपत्राचा वाद सुरू होतो तोच मुळी लिहून देणारा गेल्यावर. ही सही माझी आहे किंवा नाही, हे सांगायला तो येऊ शकत नाही. म्हैसूरकडच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मध्यवर्ती धरला. १९५९ साली प्रसिद्ध झालेला तो निकाल साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिला होता, आणि आजही मृत्युपत्राच्या जवळजवळ प्रत्येक निकालात त्याचा दाखला दिलेला सापडतो. गणितातल्यासारखा बिनचूक पुरावा कोणी मागत नाही, शहाण्या माणसाचं समाधान झालं म्हणजे पुरे, असं त्यांनी सांगितलं. पण परिस्थिती संशयास्पद असेल तर तो संशय मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानेच दूर करायचा, आणि न्यायालयाच्या सदसद्विवेकाचं समाधान व्हायला हवं. पुढे १९७६ मध्ये पुण्याच्या न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांनी हाच धागा आणखी ताणला. संशय असेल तिथे हा नुसता वादी-प्रतिवादीतला झगडा उरतच नाही, असं ते म्हणाले. म्हणजे विरुद्ध बाजू गप्प बसली तरी न्यायाधीशाला स्वतःला प्रश्न पडू शकतात.

आता नियम. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ६३. मृत्युपत्र करणाऱ्याने सही करायची किंवा अंगठा उठवायचा, किंवा त्याच्या सांगण्यावरून त्याच्यादेखत दुसऱ्या कोणी सही करायची. ती सही अशा ठिकाणी हवी की खालचा-वरचा मजकूर अमलात यावा हा हेतू दिसेल. आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन करायचं. प्रत्येकाने एकतर मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही माझी सही" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. आणि प्रत्येकाने स्वतःची सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष केलेली असावी. बस, एवढंच. कागद कसला, भाषा कोणती, टंकलिखित की हाताने लिहिलेलं, यांपैकी कशाचीही सक्ती नाही. शाळेच्या वहीच्या पानावर मोडक्या मराठीत लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं. पण संपूर्ण मजकूर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला म्हणून साक्षीदार नसलेलं मृत्युपत्र आपल्याकडे चालत नाही. रणांगणावरच्या सैनिकाला यातून सवलत आहे, तुम्हा-आम्हाला नाही. मुस्लिम व्यक्तीच्या मृत्युपत्राला हे कलम लागू नाही. तिथे तोंडी मृत्युपत्रही होऊ शकतं, पण साधारणतः मालमत्तेच्या एक तृतीयांशाची मर्यादा येते.

"समक्ष" या शब्दावर मी नेहमी रेंगाळतो, कारण बहुतेक घरं तिथेच घसरतात. वडील दवाखान्यात. मुलगा सकाळी त्यांची सही घेतो. दुपारी तोच कागद घेऊन तो मामांच्या दुकानात जातो, "मामा, इथे सही करा." मामा सही करतात. मामांनी भाऊजींची सही पन्नास वेळा पाहिलेली आहे, ती खरी आहे याची त्यांना खात्री आहे, आणि ती खरीच आहे. तरीही हे साक्षांकन नव्हे. मामांनी ना सही होताना पाहिली, ना भाऊजींच्या तोंडून कबुली ऐकली, ना त्यांच्यासमोर स्वतः सही केली. उलट, मामा संध्याकाळी दवाखान्यात गेले असते, खाटेवरच्या भाऊजींनी कागदावर बोट ठेवून "ही मी केली" म्हटलं असतं आणि मामांनी तिथेच सही केली असती, तर काम झालं असतं.

साक्षीदाराला आतला मजकूर माहीत असायला हवा, हा मात्र निव्वळ गैरसमज. "कोणाला काय दिलंय ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही" असं म्हणणारे चुलते मी पाहिले आहेत. चुलत्यांनी मजकुराची हमी द्यायची नसते, सही झाल्याची द्यायची असते. ओळी हाताने झाकून सही घेतली तरी कायद्याची हरकत नाही. फक्त मृत्युपत्र करणाऱ्याला स्वतःला आत काय आहे ते ठाऊक असलं पाहिजे. मराठीपलीकडे काही न वाचणाऱ्या आजीचं मृत्युपत्र इंग्रजीत असेल, तर ते तिला कोणी वाचून आणि समजावून सांगितलं, याचा पुरावा लागतो. नातू मसुदे इंग्रजीतच का करून आणतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, असंही कलम ६३ सांगतं. एक सकाळी आला, दुसरा संध्याकाळी, चालतं. गुरुजींचं उत्तर मग इतकं घातक का ठरावं? त्यासाठी दुसरा कायदा पाहावा लागतो.

पुराव्याच्या कायद्याने, म्हणजे जुन्या १८७२ च्या कायद्यातल्या कलम ६८ ने आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या कलम ६७ ने, मृत्युपत्राला एक कडक अट घातली आहे. साक्षांकन करणाऱ्यांपैकी किमान एक जण हयात असेल, कोर्टात येऊ शकत असेल आणि साक्ष देण्याच्या अवस्थेत असेल, तर त्याला बोलावल्याशिवाय मृत्युपत्र पुराव्यात वाचताच येत नाही. इतर नोंदणीकृत दस्तांना इथे थोडी सूट आहे. मृत्युपत्राला ती मुद्दाम नाकारलेली आहे. आता "किमान एक" हे वाचून वकीलसुद्धा निर्धास्त होतात. एकाला बोलावलं की झालं! पण त्या एकाने दोघांचं सांगायचं असतं: मृत्युपत्र करणाऱ्याची सही, स्वतःची सही आणि दुसऱ्या साक्षीदाराचं साक्षांकन. महाराष्ट्रातून वर गेलेल्या एका दाव्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकं हेच आलं. एकच साक्षीदार तपासला होता. दुसऱ्याने सही केली का, कधी केली, हे त्याला सांगता आलं नाही. दुसरा हयात होता, मिळण्यासारखा होता, पण बोलावलाच नव्हता. मृत्युपत्र नाशाबित ठरलं.

म्हणजे सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळी सह्या घेण्याची कायद्याने दिलेली मुभा फुकटची नाही. तिची किंमत पुढे कोर्टात मोजावी लागते: अशा वेळी दोन्ही साक्षीदार आणावे लागतात, कारण कुणा एकाला दोघांचं माहीत नसतं. दोघे एकत्र बसलेले असले तर एक पुरतो. या एका कारणासाठी मी माझ्या पक्षकारांना सांगतो, की सह्यांच्या दिवशी तिघांना एका खोलीत बसवा, आणि शेवटची सही होईपर्यंत कोणालाही चहा आणायला पाठवू नका.

साक्षीदार विसरला, उलटला, किंवा "मला काहीच माहीत नाही" म्हणाला, तर? कायद्याने त्यासाठीही दार ठेवलं आहे: जुनं कलम ७१, नवं ७०. साक्षीदार नाकारतो किंवा त्याला आठवत नाही, अशा वेळी दुसऱ्या पुराव्याने मृत्युपत्र शाबित करता येतं. लिहून घेणारा दस्तलेखक, तिथे हजर असलेला डॉक्टर, कुणीही. पण हे दार आधी साक्षांकन करणारे उपलब्ध साक्षीदार आणून झाल्यावर उघडतं. एक घरी बसवून ठेवून या दारातून जाता येत नाही, हेही त्या २००२ च्या निकालात आहे. आणि दोघेही साक्षीदार वारले असतील, किंवा सापडतच नसतील? मग एका साक्षीदाराची सही त्याच्या हस्ताक्षरातली आहे आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही त्याच्या हस्ताक्षरातली आहे, हे दाखवावं लागतं. साक्षीदाराचा मुलगा येतो, बँकेतला सहकारी येतो, "मी त्यांची सही ओळखतो" म्हणून सांगतो. जुन्या सोसायटीची इतिवृत्तं, पेन्शनचे कागद बाहेर निघतात. तीस वर्षं जुना दस्त असला की तो आपोआप खरा मानला जातो, हा नियम पुष्कळांनी ऐकलेला असतो. मृत्युपत्राला तो लागू पडत नाही.

आता माझ्या पक्षकाराचा व्हरांड्यातला प्रश्न. रजिस्टर केलेलं आहे, मग कशाला?

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. करावी, मीही करायलाच सांगतो. दुय्यम निबंधकासमोर माणूस स्वतः गेला होता, त्याचा फोटो निघाला, अंगठा घेतला गेला, ही गोष्ट जड जाते. मागाहून बनवलेल्या कागदाचा आरोप बराच बोथट होतो. मूळ कागद हरवला तर नक्कल मिळते. पण नोंदणीने मृत्युपत्र शाबित होत नाही, आणि संशयही आपोआप धुतला जात नाही. निबंधक फक्त इतकंच पाहतो की समोरचा माणूस तोच आहे आणि तो दस्त केल्याचं कबूल करतो. शिवाय एक बारीक गफलत नेहमी होते. नोंदणीच्या वेळी ओळख पटवायला दोन माणसं लागतात. त्यांच्याही सह्या, अंगठे, फोटो कागदावर येतात. कागद भरगच्च दिसतो. पण ती ओळख पटवणारी माणसं, साक्षांकन करणारी नव्हेत. निबंधकाची सहीसुद्धा त्याच्या कामाचा भाग म्हणून असते. साक्षांकनाच्या इराद्याने केलेली सही वेगळी. दस्तलेखकाचंही तेच. "मी लिहिलं" म्हणून खाली सही करणारा आपसूक साक्षीदार होत नाही.

नोटरीचा शिक्का? याच न्यायाने. व्हिडिओ? हल्ली मुलं हौसेने काढतात. उपयोगी पडतो, विशेषतः मानसिक अवस्थेबद्दल, पण दोन साक्षीदारांची जागा तो घेत नाही. आणि व्हिडिओत मागून कोणाचा तरी आवाज आला, "बाबा, आता म्हणा, मी राजीखुशीने...", की तोच व्हिडिओ विरुद्ध बाजूचा उत्तम पुरावा होतो.

नोंदणीपेक्षा कमी वापरली जाणारी एक सोय आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ खाली बंद, मोहोरबंद पाकिटात मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. आत काय आहे ते त्यालाही कळत नाही. करणारा हयात असताना ते परत मागू शकतो. त्याच्या मृत्यूनंतर अर्ज आला की ते उघडलं जातं. घरात भांडण नको पण कागदही गहाळ व्हायला नको, अशांसाठी ही चांगली वाट. तरी साक्षीदार चुकत नाहीत, हे पुन्हा सांगायला नको.

संशयास्पद परिस्थिती म्हणजे काय, याची यादी कायद्यात नाही. ती कागदावरच वाचावी लागते. एक उदाहरण देतो. चार पानी टंकलिखित मृत्युपत्र. पहिल्या तीन पानांवर ओळींमधलं अंतर मोकळं, दीड ओळीचं. चौथ्या पानावर वरच्या अर्ध्यात तसंच. मग अचानक ओळी एकमेकींना चिकटायला लागतात, अक्षर एक माप लहान होतं, समास अरुंद होतो, आणि शेवटचं वाक्य सहीच्या डोक्यावर जेमतेम बसतं. असा कागद पाहिला की अनुभवी न्यायाधीश चष्मा वर सरकवतात. आधी कोऱ्या कागदावर सही घेतली, आणि मग मजकूर तिच्यावर कोंबला, ही शंका शब्दाविना उभी राहते. पहिल्या तीन पानांवर सहीच नसेल तर ती पानं बदलली का, हा प्रश्न. टाचणीची भोकं चौथ्या पानावर दोन आणि पहिल्यावर एकच असतील, तर आणखी एक. खाडाखोड असेल तर त्या जागीही करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही हवी, नाहीतर ती दुरुस्ती धरली जात नाही.

कागदाबाहेरचेही संशय असतात. ज्याला सगळं मिळणार त्यानेच वकील ठरवला, त्यानेच मसुदा आणला, त्यानेच साक्षीदार गोळा केले. हात थरथरणाऱ्या माणसाची सही अचानक ठाशीव. मृत्यूनंतर दहा वर्षं कोणालाच मृत्युपत्र माहीत नाही, आणि जागेचे भाव वाढल्यावर ते ट्रंकेत सापडतं. मुलीला काहीच दिलं नाही हा मात्र एवढ्यानेच संशय होत नाही, हे मुलींच्या बाजूने अनेक दावे चालवलेला माणूस म्हणून मी जरा नाइलाजाने लिहितो. वारसाक्रम बदलण्यासाठीच तर मृत्युपत्र करतात, असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटलं आहे. पण का वगळलं याचं एक वाक्य मृत्युपत्रात असलं की पुढचा बराच त्रास वाचतो. डॉक्टरचा दाखला सक्तीचा नाही. असला तर चांगलं, आणि तोच डॉक्टर साक्षीदार झाला तर त्याहून चांगलं. फक्त डॉक्टरलाही एक दिवस पिंजऱ्यात उभं राहावं लागेल, हे त्याला आधी सांगून ठेवा. ज्याला लाभ आहे त्याला साक्षीदार करू नये. ख्रिश्चन आणि पारशी मृत्युपत्रात तर साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला लाभच रद्द होतो. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण अशा साक्षीदाराच्या शब्दाला वजन किती राहणार?

आणि मृत्युपत्रावरून वाद मोठ्या घरांतही होतातच. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन २०१२ मध्ये झालं. त्यांच्या मृत्युपत्राला मुलगा जयदेव यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं, साक्षीपुरावे सुरू झाले, आणि २०१८ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं तेव्हा सहा वर्षं उलटली होती.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर प्रोबेटचं सांगतो. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने शिक्कामोर्तब करून त्याची प्रत एक्झिक्युटरच्या, म्हणजे मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाच्या, हाती देणं. व्यवस्थापक नेमलेलाच नसेल तर प्रोबेट मिळत नाही, मृत्युपत्र जोडलेलं प्रशासनपत्र मिळतं. प्रोबेट कुठे सक्तीचं होतं, याची रेघ इंग्रजांनी १८७० साली आखली होती आणि ती दीडशे वर्षं तशीच राहिली. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीशी आणि जुन्या बंगालच्या मुलखाशी ती जखडलेली होती. परिणाम काय, तर मुलुंडच्या फ्लॅटला प्रोबेट लागायचं, आणि पुढच्याच स्टेशनावरच्या, ठाण्यातल्या फ्लॅटचं मृत्युपत्र ठाण्यातच केलेलं असेल तर लागायचं नाही. तेच मृत्युपत्र मुंबईत बसून केलं तर साताऱ्याच्या शेतालाही लागायचं. मुस्लिमांना ही प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती, ख्रिश्चनांची २००२ मध्ये निघाली. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने सक्तीचं कलम २१३ च वगळलं.

ही बातमी आल्यावर मला आठवड्यात डझनभर फोन आले. "आता कोर्टात जायला नको ना?" वाद नसेल तर बहुधा नको. प्रोबेट मागायची सोय मात्र कायम आहे, आणि दोन भावांत तंटा असेल किंवा समोरची संस्था अडून बसली असेल, तर मागावंच. सक्ती गेली, पुरावा गेला नाही. उद्या बहिणीने दावा लावला तर कलम ६३ तिथेच आहे आणि साक्षीदारही लागणारच आहे.

प्रोबेटच्या अर्जाची वाट साधारण अशी असते. मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही. मुंबईत अर्ज उच्च न्यायालयात, बाकी ठिकाणी जिल्हा न्यायालयात. मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची आणि देण्यांची यादी, जवळच्या वारसांची नावं, आणि मिळत असेल तर एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. मग वारसांना नोटिसा, वर्तमानपत्रात जाहीर सूचना. सकाळी पेपर उघडल्यावर "तमाम लोकांस कळविण्यात येते की" अशा बारीक टायपात जे दिसतं, त्यात ह्याही सूचना असतात. कोणी आलं नाही तर काम तुलनेने सरळ. कोणी कॅव्हेट, म्हणजे हरकतीची नोंद, घातलं, तर अर्जाचा दावा होतो: मुद्दे काढले जातात, सरतपास, उलटतपास, पुरावा संपल्याची पुरसिस, सगळं. प्रोबेट मिळालं की ते फक्त त्या दोन भावांनाच नव्हे तर सगळ्यांना बांधतं. व्यवस्थापकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. हे दुसरं काम करणारे मी हाताच्या बोटांवर मोजू शकेन.

एक गोष्ट प्रोबेटचं कोर्ट ठरवत नाही: घर मुळात कोणाचं होतं. "वाडा वडिलोपार्जित आहे, बाबांना तो लिहून द्यायचा हक्कच नव्हता" असं धाकटा भाऊ कितीही पोटतिडकीने सांगो, न्यायाधीश म्हणणार, त्यासाठी वेगळा दावा करा. इथे प्रश्न एकच, हे मृत्युपत्र त्यांचं आहे का. तसंच उलट बाजूने, मृत्युपत्रावरून सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणजे मालकी मिळाली असं नाही. ती सरकारी वसुलीची नोंद. तक्रार आली की महसूल अधिकारी दिवाणी कोर्टाकडे बोट दाखवतो, आणि ते बरोबरच आहे.

गोव्यात गेलात तर हे बरंचसं विसरा. तिथे पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा चालत आली आहे. आई-वडील किंवा मुलं असतील तर साधारण निम्म्या मालमत्तेचंच मृत्युपत्र करता येतं, कारण उरलेला अर्धा त्यांचा राखीव हिस्सा. मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर, त्याच्या वहीत होतं, आणि वाटणी इन्व्हेंटरी नावाच्या कार्यवाहीत. सावंतवाडीत घर आणि म्हापशात दुकान असलेल्या माणसाने दोन्हीकडचा सल्ला घ्यावा.

गुरुजींच्या प्रकरणाचं सांगायचं राहिलं. दुसरा साक्षीदार हयात होता. त्या वेळी तो शेजारच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, आता लातूरला औषधांचं दुकान चालवत होता. पुढच्या तारखेला आम्ही त्याला आणला. तोवर विरुद्ध बाजूने एक नवा मुद्दा काढला होता: मजकूर काळ्या शाईत टंकलेला आणि तिन्ही सह्या हिरव्या शाईत, म्हणजे तिन्ही कुणा एकाच माणसाने एका बैठकीत केल्या. हे मृत्युपत्र बनावट आहे.

त्यांच्या वकिलांनी तोच प्रश्न विचारला. तुम्ही सही केलीत तेव्हा कोण कुठे होतं?

"मी दाराजवळ," तो म्हणाला. "काकांचं पेन उठेना. दोन-तीनदा झटकलं, कागदाच्या कडेला ओरखडाही उमटला. मग गुरुजींनी खिशातलं हिरवं पेन दिलं. काकांनी सही केली, मग गुरुजींनी केली, मग मी. आणि मी ते पेन माझ्या खिशाला लावून निघालो, तर गुरुजी पायरीपर्यंत मागे आले. म्हणाले, माझं पेन."

न्यायाधीशांनी मृत्युपत्र उचललं, खिडकीकडे तिरपं धरलं आणि डाव्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी स्टेनोला ओरखडा नोंदवायला सांगितला. मागच्या बाकावर बसलेल्या गुरुजींचा हात खिशाकडे गेला.